कोठीतला पांढरा

कवडूला दुपारची झोप कोठीतच लागायची. एका भिंतीला धानाची पोती, दुसऱ्या भिंतीला मुलाचा कॉम्प्युटर आणि मधल्या जागेत कवडूची बाज, असा तिथला कारभार होता. कॉम्प्युटरचा पंखा अष्टौप्रहर बारीक घूं करत असे. त्या आवाजाने मुलाला काम सुचायचं आणि बापाला डुलकी यायची, म्हणजे दोघांचंही भागत होतं.

पोळा चार दिवसांवर आला असताना कवडूला त्या बाजेवर एक स्वप्न पडलं. बांधाबांधाला धान हिरवंगार झालेलं, ढग खाली उतरून छपराला टेकलेले, आणि कोठीच्या दारात एक पांढरा बैल उभा. कपाळावर टिळा असावा तिथे निळा दिवा लुकलुकत होता. कवडूने बैल लगेच ओळखला आणि मनातली गोष्ट विचारून घेतली. स्वप्नातल्या बैलांचा काय भरवसा, कधी चालते होतील सांगता येत नाही.

"माझा पोरगा गावात राह्यते का गा?"

बैलाने त्याचं उत्तर दिलं नाही. दमलेल्या डोळ्यांनी कवडूकडे पाहत त्याने उलट विचारलं, "काका, माझा पोळा कधी येते?"

कवडू जागा झाला. कॉम्प्युटर घूं करत होता, आणि आज पहिल्यांदाच कवडूला तो आवाज धाप लागल्यासारखा वाटला. तो उठून अंगणात गेला. बायको, देवकाबाई, भाजी निवडत बसली होती.

"सपन पडलं," कवडू म्हणाला. "भूपेंद्रचं यंत्र बैल होऊन आलं होतं. सुटी मागून राहिलं."

"जेवल्या पाठी लोळता, मंग असेच सपने पडतीन," देवकाबाई मान वर न करता म्हणाली. "मागते तं देऊन टाका."

एवढं ती बोलली नसती तर आपली गोष्ट इथेच आटोपली असती. पण बायकोने होकार दिलेली गोष्ट कवडूच्या आयुष्यात वर्षातून एखादीच यायची, त्यामुळे त्याने ती मनावर घेतली.

आता भूपेंद्रचं सांगायला हवं. पुण्याच्या कंपनीने घरून काम करायला सांगितलं तेव्हा हा पोरगा सालईटोल्याला आला. सालईटोला म्हणजे चिचगडहून आत जंगलात, जिथे रस्ता आपण अजून रस्ता आहोत की नाही याचा विचार करायला लागतो तिथे. पुढे कंपनी सुटली, पण गाव सुटलं नाही. मागच्या दिवाळीला त्याने एक जुना पांढरा कॉम्प्युटर आणून कोठीत ठेवला. गावाची वेबसाइट करायची आणि ती दुसऱ्याच्या मशीनवर भाड्याने ठेवायची नाही, आपल्याच घरातून चालवायची, असा त्याचा हट्ट होता.

आणि वेबसाइट कशासाठी, तर पोळ्याच्या भांडणासाठी. पोळ्याला गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आखरावर, सगळ्या बैलजोड्या जमतात, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, आणि तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार यावरून सरपंच मुन्नालाल आणि उपसरपंच हेमराज दरवर्षी भांडतात. मागच्या वर्षी ते इतकं लांबलं की तोरणाजवळ पोळ्याची कवनं म्हणणाऱ्या बिसरामच्या सगळ्या झडत्या संपल्या आणि त्याने पुन्हा पहिलीपासून म्हणायला घेतल्या. बैल कंटाळून खाली बसले. तेव्हापासून सरपंच आणि उपसरपंच एकमेकांशी बोलत नव्हते, ग्रामपंचायतीचे कागद शिपायाच्या हातून इकडून तिकडे जात.

भूपेंद्रने तोड काढली. गावातल्या एक्केचाळीस जोड्यांचे फोटो आणि माहिती वेबसाइटवर टाकायची. गावातल्यांनी आणि पोटासाठी बाहेर गेलेल्यांनी पोळ्याच्या दिवशी मत द्यायचं. जास्त मतं पडतील ती जोडी पहिली.

मुन्नालालचं गोंदियाला जाणं-येणं होतं, त्यामुळे तो महत्त्वाचं बोलणं हिंदीत करायचा. "देख बेटा," तो म्हणाला होता, "पोळा शांतीसे निपट गया, तो वाचनालयाची खोली तुझी. लाइन आहे, इन्व्हर्टर आहे. बस आणि काम कर. और गडबड हुई, तो मग पुण्याले जाय."

पुण्याहून खरंच एका कंपनीचं बोलावणं आलं होतं, पुढच्या एक तारखेचं. भूपेंद्रने ते घरी सांगितलं नव्हतं. पण सालईटोल्यात वाघाचं पाऊलसुद्धा दोन दिवसांच्या वर लपून राहत नाही. कवडूला माहीत होतं. मुलाशी त्यावर बोलायची मात्र त्याची हिंमत नव्हती. म्हणून तर त्याने बैलाला विचारलं.

एकदा भूपेंद्रने बापाला सगळं समजावून सांगितलं होतं. या एका मशीनमध्ये तीन कंटेनर, म्हणजे तीन वेगळे कप्पे, आहेत. एकात वेबसाइट, एकात फोटो, एकात सगळी माहिती आणि मतं. प्रत्येक आपापल्या जागी, एकाचा त्रास दुसऱ्याला नाही.

"म्हंजे तीन बैल, तीन गव्हानी," कवडू म्हणाला.

"तसंच समजा."

"आन चारा कुठी ठेवतेस?"

"माहिती ना? ती तिच्याच कंटेनरमध्ये."

"गव्हानीतच?" कवडूच्या कपाळाला आठी पडली. "बाबू, गव्हान मोडली तं चारा जाते. तनीस मांडवावर ठेवा लागते."

"ठेवतो, बाबा. बाहेर जागा जोडून देता येते तिला. पोळा झाला की करतो."

आणखी एक ओळ लिहायची राहिली होती, वीज गेली तर कंटेनरांनी आपलं आपण उठावं अशी. पण मशीन इन्व्हर्टरवर होतं, मग वीज जाणार कुठून? तीही पोळ्यानंतरच्या यादीत गेली. भूपेंद्रची पोळ्यानंतरची यादी बरीच लांब होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कवडूने रिवाजाप्रमाणे बैलांचे खांदे शेकले. लोणी आणि हळद एकत्र करून, पळसाच्या पानाने हळूहळू चोळलं आणि दोघांच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वाटीत थोडं उरलं. ते घेऊन तो कोठीत गेला. यंत्राला खांदे नक्की कुठे असतात यावर त्याने थोडा विचार केला, मग दोन्ही बाजूंच्या पत्र्याला, वर जिथे गरम लागत होतं तिथे, बोटभर बोटभर लावलं. जाळीत लोणी जाऊ दिलं नाही. तेवढं कवडूला कळत होतं.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," तो म्हणाला. निळा दिवा लुकलुकला. कवडूने ते होकारात धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मतदान सुरू झालं. साठेक मतं पडल्याचं पाहून भूपेंद्र आखरावर गेला आणि शाळेतून आणलेला मोठा पडदा बांधायला लागला. पाऊस उघडला होता. धानावरून वारा आला की सगळं शिवार झोपेत कूस बदलल्यासारखं हलायचं. भूपेंद्रला वाटलं, वाचनालयाच्या खिडकीतून हेच दिसेल. रोज दिसेल. तो दोरी हातात धरून तसाच उभा राहिला.

तेवढ्यात रायपूरहून रेणूचा, त्याच्या मावसबहिणीचा, फोन आला. "दादा, पान उघडून नाही राहिलं."

भूपेंद्रने आपल्या फोनवर पाहिलं. उघडत नव्हतं. तो धावत घरी आला आणि कोठीच्या दारात थबकला.

कॉम्प्युटरवर आरशांची झूल होती. दोन्ही कोपऱ्यांना बेगड चिकटवलेली, गळ्यात, म्हणजे जिथे बटण होतं तिथे, झेंडूची माळ. बाजूच्या वायफायच्या छोट्या पेटीलाही वासराचा गोंडा बांधलेला होता. समोर ताटात पुरणपोळी. आणि भिंतीतली पिन काढून, तार नीट गुंडाळून, खुंटीला टांगलेली. कवडू शेजारी हात जोडून बसला होता. कोठीत इतकी शांतता होती की पोत्यांतल्या किड्यांचा आवाज येत होता.

"बाबा, हे काय केलं?"

"सुटी देली."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? आज पोळा होय. आज कोन बैल जुंपते?"

"ते बैल नोहोय, बाबा."

"बारा महिने राबते, रातदिवस. एक सन नाही, एक वार नाही. मंग काय होय ते?"

भूपेंद्रजवळ वाद घालायला वेळ नव्हता. त्याने झूल बाजूला केली आणि पिन लावली.

"आवतन देऊन जेवाच्या टायमाले कामाले लावतेस," कवडू हळूच म्हणाला. "बरोबर नाही बाबू हे."

यंत्र जागं झालं. कंटेनर जागे झाले नाहीत. त्यांना कोणी आपलं आपण उठायला सांगितलंच नव्हतं. भूपेंद्रने एकेकाला उठवलं, तर माहितीचा कंटेनर असा अचानक झोपवल्याबद्दल रागावून लाल अक्षरं टाकायला लागला. फोन वाजत होता. आखरावरून बोलावणं येत होतं. अशा वेळी माणूस जे करतो ते भूपेंद्रने केलं. तिन्ही जुने कंटेनर काढून टाकले आणि तिन्ही नवे उभे केले. मिनिटभराचं काम. हिरव्या अक्षरांत तिन्ही सुरू झाल्याचं दिसलं, त्याने गावाच्या ग्रुपवर टाकलं, "सुरू झालं. मत द्या," आणि पुन्हा आखराकडे पळाला.

गव्हाण मोडली होती आणि चारा गेला होता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

चार वाजेपर्यंत पडदा, तारा आणि लॅपटॉप यांच्यात तो गुंतून गेला, आणि गाव बैल सजवण्यात; फोन उघडून पाहायला कोणाला सवड नव्हती. मधे रेणूचा पुन्हा फोन आला. ती हसत होती, धड बोलता येत नव्हतं. "दादा, एक नंबरची जोडी म्हंजे काय सांगू. आमच्या अख्ख्या ऑफिसले मी मत द्याले लावलं."

यादीत एक नंबरला कवडूची जोडी होती. भूपेंद्रला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. मग गावातून पुण्याला कामाला गेलेल्या हिमांशूचा निरोप आला, "एक नंबर." हैदराबादहूनही आला, "एकच नंबर." कवडू आपले बैल घेऊन उभा होता, त्याला भूपेंद्रने लांबून हात केला.

चार वाजता सगळं गाव जमलं. शिंगं रंगवलेल्या जोड्या ओळीने उभ्या राहिल्या. मुन्नालाल तोरणाच्या या टोकाला, हेमराज त्या टोकाला. बिसरामने खाकरून गळा मोकळा केला. भूपेंद्रने पडदा सुरू केला.

पडद्यावर एक्केचाळीस जोड्या नव्हत्या. तीनच होत्या.

जूनमध्ये, पाऊस लांबला होता तेव्हा, एका उकाड्याच्या दुपारी भूपेंद्रने वेबसाइट चालते का हे पाहण्यासाठी तीन खोट्या जोड्या भरल्या होत्या. माहितीचा नवा कंटेनर उभा राहिला की आधी त्याच दिसायच्या. तिसरी जोडी होती 'अबक आणि अबक'. दुसरी 'बुलेट आणि स्कूटी'. आणि पहिल्या जोडीचं सगळं गाव मोठ्याने वाचायला लागलं, कारण अक्षरं चांगली हातभर होती.

'मुन्नालाल. वय अठ्ठावन्न. रंग सावळा. चाल संथ. गर्दी दिसली की छाती काढून उभा राहतो.'

'हेमराज. वय एक्कावन्न. शिंगं लहान, डुरकणं मोठं.'

'शेरा: दोघेही कामाचे, पण एका जुवाला जुंपले की उलट दिशांना ओढतात.'

आखरावर कोणी हसलं नाही. हसू इतकं मोठं होतं की ते बाहेर काढायला कोणी तयार नव्हतं. एकाने बैलाच्या आड तोंड लपवलं. देवकाबाईने पदर तोंडात कोंबला. मुन्नालालचा सावळा रंग आणखी सावळा झाला.

भूपेंद्रच्या डोळ्यांसमोरून वाचनालयाची खिडकी गेली, मागोमाग शिवार गेलं. पुण्याची खोली आली, चौथ्या मजल्यावरची, जिच्या खिडकीतून दुसरी खिडकी दिसायची.

कवडूला काही वाचता आलं नाही, पण मुलाचा चेहरा त्याला वाचता आला. आपण एकाला सुटी दिली आणि दुसरा हातचा गेला, एवढं त्याला कळलं. त्याला रडू आलं. बैलांचे कासरे सोडून तो पुढे आला.

"पोट्ट्याची चूक नाही," तो म्हणाला. "चूक माझी होय. बैल म्याच सोडला होता."

गावाने मुन्नालालकडे पाहिलं. यातला कोणता बैल, हे कोणी विचारलं नाही.

मुन्नालाल पडद्याजवळ गेला. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. भूपेंद्रने डोळे मिटून घेतले.

"ये नीचे क्या लिखा है?" मुन्नालालने विचारलं.

"मतं आहेत, काका."

"किती?"

"दोनशे त्रेपन्न."

"पुन्हा सांग."

"दोनशे त्रेपन्न. दोन नंबरले अकरा. तीन नंबरले एक, ते चुकून पडलं असंन."

मुन्नालालने त्या आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. मग गावाकडे वळून, सावकाश, हिंदी सोडून म्हणाला, "मागच्या निवडनुकीत मले एकशे सत्त्याऐंशी पडले होते."

"काका, यातले बरेचसे बाहेरचे आहेत," भूपेंद्र प्रामाणिकपणे म्हणाला. अशा वेळी प्रामाणिकपणाची काही गरज नसते, पण तो कवडूचा मुलगा होता. "पुणे, हैदराबाद. रायपूरचं तर एक अख्खं ऑफिस आहे."

"रायपूरपर्यंत?" मुन्नालालची छाती आपोआप बाहेर आली. शेरा खरा निघाला.

"एक मिनिट," तोरणाच्या त्या टोकाहून हेमराज म्हणाला. वर्षभरात तो मुन्नालालशी बोललेला हा पहिला शब्द. "मतं जोडीले पडले. अर्धे माझे होत."

"अर्धे कायचे? पहिलं नाव माझं लिहिलं आहे."

"मंग एकटेच जुवात चाला. पाहू कसे चालता."

दोघेही पडद्यासमोर आले आणि बोटं दाखवून भांडायला लागले. पण हे मागच्या वर्षीचं भांडण नव्हतं. आपल्याला बैल म्हटलं याबद्दल दोघांपैकी एकाचीही तक्रार नव्हती. हेमराजचं म्हणणं एवढंच होतं की शिंगं लहान हे चुकीचं आहे आणि डुरकणं मोठं हे बरोबर.

कवडूला हे सगळं सोपं वाटलं. त्याने डोळे पुसले. "जुंपलेल्या जोडीत अर्धा-अर्धा नसते गा," तो म्हणाला. "जास्त मतं पडले ती जोडी पहिली जाईन, असं तुमीच ठरवलं होतं नं? मंग जा. बैल कवाचे उभे आहेत."

मुन्नालालने हेमराजकडे पाहिलं, हेमराजने तोरणाकडे. तोरण खाली बांधलं होतं, वाकावंच लागणार होतं. एकट्याने वाकणं दोघांनाही जमणारं नव्हतं, म्हणून दोघे एकदम वाकले, खांद्याला खांदा लागला, आणि सरपंच-उपसरपंच तोरणाखालून पलीकडे गेले. तेव्हा कुठे आखरावरचं हसू सुटलं, आणि बैलसुद्धा दचकले. बिसरामने हात वर करून, दोघांना बैलांची नावं देत, तिथल्या तिथे नवी झडती जोडली:

"वर्षभराची अढी सुटली, जूं बसलं खांद्याला,
दोनशे त्रेपन्न मतं पडली आमच्या चांद्या-नंद्याला."

त्यामागून एक्केचाळीस जोड्या पंधरा मिनिटांत निघाल्या. बैल उजेड असतानाच घरी पोचले. बऱ्याच घरांत पुरणपोळ्या अजून गरम होत्या. बायका म्हणाल्या, असा पोळा आम्ही लग्न होऊन आल्यापासून पाहिला नाही.

जाताना मुन्नालालने खिशातून वाचनालयाची किल्ली काढून भूपेंद्रच्या हातावर ठेवली. "खोली घे. पन ते पान पुसू नको. दोनशे त्रेपन्न तसेच राहू दे. निवडनूक आहे पुढच्या साली."

"आन शिंगं मोठे कर," मागून हेमराज म्हणाला.

संध्याकाळी भूपेंद्र कोठीत आला. अंधुक उजेड होता, नुकत्याच येऊन गेलेल्या सरीचे थेंब छपरावरून अंगणात टपकत होते. त्याने पहिलं काम हे केलं की माहितीच्या कंटेनरला बाहेर जागा जोडून दिली आणि सगळं तिथे हलवलं. आता कंटेनर मोडला तरी आतलं जाणार नव्हतं. एक्केचाळीस खऱ्या जोड्या गेल्या त्या गेल्याच, आणि त्याच्या हातून पहिल्यांदा नीट जपून ठेवली गेली ती जोडी म्हणजे मुन्नालाल आणि हेमराज. मग त्याने राहिलेली ती एक ओळही लिहिली, वीज गेली तर आपलं आपण उठावं अशी.

ओळ लिहून झाल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. ताटातली पुरणपोळी कडेने वाळली होती. झूल जमिनीवर पडली होती. बाजेवर कवडू झोपला होता, अंगावर कासऱ्याचा वास घेऊन, आणि झोपेतही त्याच्या चेहऱ्यावर दुपारचं ओशाळलेपण होतं.

भूपेंद्रने तिन्ही कंटेनर एकेक करून, हळूहळू, सांगून-सवरून बंद केले. यंत्र बंद केलं. पिन काढली, तार गुंडाळून खुंटीला टांगली आणि झूल उचलून पुन्हा पांढऱ्यावर घातली. घूं थांबलं. गावाची वेबसाइट उद्या सकाळी, इडापिडा घेऊन मारबतीचा पुतळा गावाबाहेर गेला की, उठेल. एका रात्रीने कोणाचं काही अडत नव्हतं.

आवाज थांबल्याने की काय, कवडू झोपेत चाळवला. बहुधा पांढरा पुन्हा दारात आला असावा, कारण म्हाताऱ्याने डोळे न उघडता, अगदी हळू आवाजात विचारलं, "जाऊन राहिला का गा?"

"नाही, बाबा," भूपेंद्र म्हणाला. "राहून राहिलो."

कवडूने कूस बदलली आणि घोरायला लागला. भूपेंद्रने ताट उचललं आणि वाळलेली पुरणपोळी गोठ्यातल्या बैलांना नेऊन दिली.